प्रॉम्प्टरचा खड्डा

"खड्डा हातभर मागं घ्या," लटारू म्हणाला.

सुकलूच्या हातातली कुदळ तशीच राहिली. सकाळपासून घाम गाळून त्यानं रंगमंचासमोर कमरेइतका खड्डा खोदला होता, कडा चोपून काढल्या होत्या, बसायला आत फळीसुद्धा टाकली होती. आणि हा माणूस आता येऊन म्हणतो, मागं घ्या!

"काऊन भाऊ? या खड्ड्याले का झालं?"

"इथून नुसती हनुवटी दिसते. मले आज तोंड पायजे. पुरं."

"कोनाचं तोंड?"

"हिरोचं. आनखी कोनाचं?"

सुकलूनं मनातल्या मनात एक शिवी हासडली, पण कुदळ उचलली. लटारू रामटेके म्हणजे झाडीपट्टीतला नावाजलेला प्रॉम्प्टर, त्यातून किन्हाळटोल्याचा, म्हणजे गावचाच. त्याचा शब्द मोडायचा कसा? मंडळाच्या पोरांनी शामियान्याची कनात बांधता बांधता सुकलूला हसून घेतलं आणि दुसरा खड्डा सुरू झाला.

आमच्या इकडच्या नाटकांची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे खड्ड्याचं प्रकरण समजायचं नाही. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, पुढं शंकरपट होतात, बैल धावतात, आणि बैल धावले की नाटक हवंच. वडशाच्या कंपन्या रोज नव्या गावात नवं नाटक लावतात. आज आरमोरीकडं, उद्या चिमूरकडं. नट मंडळी गाडीत झोपतात आणि गाडीतून उतरून तोंडाला रंग लावतात. पाठांतर करायला सवड कुणाला? म्हणून रंगमंचासमोरच्या खड्ड्यात प्रॉम्प्टर बसतो. तो वाक्य खालून देतो, नट ते वरून बोलतो. लोकांना वाटतं, काय तोंडपाठ आहे बुवा! खड्ड्यातला दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि त्याला टाळ्याही पडत नाहीत. पडल्या पाहिजेत असंही कुणाला वाटत नाही.

दुपारी लटारू घरी जेवायला बसला तेव्हा माधवी कॉलेजातून आली होती. ही त्याची एकुलती लेक. आरमोरीच्या कॉलेजात करिअरचं शिबिर झालं होतं आणि नागपूरहून आलेल्या मॅडमनी पोरांना काम दिलं होतं. घरातल्या एका माणसाला विचारा, त्याचं ध्येय काय होतं, ते गाठलं का, आणि आत्ता कामात समाधान आहे का.

"बाबा, तुमचं ध्येय का होतं?" ताट पुढं ओढत माधवीनं विचारलं.

"हिरो होवाचं."

चुलीपुढं बसलेल्या सरितानं मान वर केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या तोंडून हा शब्द तिनं क्वचितच ऐकला होता.

"मंग?"

"मंग नाई झालो."

"आता? मॅडम म्हने, वय किती बी असो, मानसाले ध्येय पायजेच."

"हाये ना एक," लटारू भात कालवत म्हणाला. "आज पुरं होते थे."

"का हाये?"

"जेव तू. वरन थंड होऊन राह्यलं."

माधवीला गंमत वाटली. सरिताला वाटली नाही. तो हात धुवायला अंगणात गेला तशी ती मागोमाग गेली.

"तुमच्या डोळ्यात मले आज बरं नाई दिसत. मुखरूभाऊचा सत्कार हाये. साऱ्या गावापुढं तमाशा नोका करू."

"तमाशा त त्यानं केला होता. मी फक्त चूप बसनार हाये."

"अना बापूजीनं हाकलून देल्लं त? या कामाबिगर दुसरं का येते तुमाले?"

हे मात्र त्याला लागलं. खरंच दुसरं काही येत नव्हतं. बापूजी म्हणजे कंपनीचा मालक. नाटकात विघ्न आणणाऱ्याला तो त्याच जागी गाडीतून उतरवतो आणि मग वडशाची दुसरी कुठली कंपनी त्या माणसाला दारात उभं करत नाही. लटारूला हे पक्कं माहीत होतं. पण गेल्या कित्येक वर्षांत त्यानं या दिवसाशिवाय दुसऱ्या कशाची वाटच पाहिली नव्हती.

"हाकलू दे," तो म्हणाला, आणि घोटभर पाणी उगाच दोनदा तोंडात खुळखुळवलं.

आता मुखरूची गोष्ट सांगायलाच हवी. आज ज्याचं नाव फलकावर मुकेशराज असं लिहिलेलं असतं आणि वर 'अभिनयसम्राट' असा शेंदूर फासलेला असतो, तो हा मुखरू. लटारू आणि तो एका वर्गात नापास झाले, एका तलावात पोहले, एकाच मंडळाच्या नाटकात घुसले. लटारूचा आवाज खणखणीत, उभं राहणं देखणं. मुखरूचा आवाज तेव्हा चिरका होता. म्हणून हिरो लटारू आणि खड्ड्यात मुखरू. त्या वर्षी शंकरपटाला बापूजी स्वतः आला होता, नवा हिरो शोधायला. साऱ्या गावाला ठाऊक होतं की आज लटारूचं भाग्य उघडणार.

दुसऱ्या अंकात लटारू अडकला. पहिल्यांदाच एवढी गर्दी, एवढा उजेड. कोणाचंही होतं तसं झालं. त्यानं खाली पाहिलं. मुखरूनं वर पाहिलं. आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

लटारूला ते ओठ आजही दिसतात. तो घशातल्या घशात म्हणाला, "दे ना बे." मुखरू हलला नाही. आधी कोणी खाकरलं, मग कोणी शीळ घातली, मग मातीची ढेकळं आली, एक चप्पल आली. "रेडिओ बंद पडला, रेडिओ बंद पडला!" पोरं ओरडायला लागली. तेवढ्यात खड्ड्यातून मुखरू उडी मारून वर आला, लटारूला खांद्यानं बाजूला सारलं आणि पुढचं वाक्य बोलला. मग त्याच्या पुढचं. अख्खा अंक त्यानं तोंडपाठ म्हटला. त्या चिरक्या आवाजातसुद्धा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, कारण पडलेलं नाटक त्यानं उचललं होतं. बापूजी त्याच पहाटे त्याला वडशाला घेऊन गेला.

"वारा आला, हातातलं पान उडालं," मुखरू सगळ्यांना सांगत होता. सगळ्यांनी मानलंही. पण लटारूनं एक गोष्ट पाहिली होती. खड्ड्यातून वर आलेल्या मुखरूच्या तोंडाला पावडर होती. भुवया कोरलेल्या होत्या. आता सांगा, खड्ड्यात बसणाऱ्याला पावडर कशाला लागते? तो घरूनच रंगून आला होता!

हे कोणाला सांगणार? पडलेल्या माणसाचं कोण ऐकतं? गावात लटारूचं नाव 'बंद रेडिओ' पडलं. लहान लहान पोट्टे मागून हाक मारायचे. तो धानाच्या बांधीत रोवणीला जायचा तर बायासुद्धा तोंडाला पदर लावायच्या. दोन-तीन वर्षं त्यानं दात-ओठ खात काढली. मग एक दिवस उठला, वडशाला गेला आणि बापूजीपुढं उभा राहिला.

"प्रॉम्प्टरचं काम द्या. मुखरूच्या नाटकाले."

बापूजीला वाटलं, काय मोठ्या मनाचा गडी आहे! मुखरूला वाटलं, हा विसरला. मोठं मन वगैरे काही नव्हतं. सूड घ्यायचा तर गळ्याशी जाऊन बसावं लागतं, एवढंच लटारूनं ओळखलं होतं.

पण लगेच गप्प बसून काय उपयोग? तेव्हा मुखरूला सगळं पाठ असायचं. लटारू गप्प बसला असता तर मुखरू हसून पुढं गेला असता. म्हणून लटारूनं उलटा डाव टाकला. तो असं प्रॉम्प्टिंग करायला लागला की तसं कोणी कधी केलं नव्हतं. मुखरूचा श्वास कुठं संपतो, कुठल्या शब्दावर त्याची जीभ अडते, कुठं त्याला टाळीसाठी थांबायचं असतं, सगळं त्यानं घोटून ठेवलं. वाक्य असं द्यायचा की मुखरूला ते आपल्याच डोक्यातून आलं असं वाटावं. पहिल्या वर्षी मुखरू गाडीत संहिता चाळायचा. मग नुसती डोळ्याखालून घालायचा. मग त्यानं ती हातात धरणंही सोडलं. "लटाऱ्या हाये ना!" असं म्हणून तो गाडीत घोरायला लागला. नाटकं वाढली, अंगात साखर शिरली, डोक्यातलं पाठांतर पार आटलं. आज मुखरू असा झाला होता की खालून शब्द आला नाही तर त्याला स्वतःचं नावही सांगता आलं नसतं.

एवढ्या वर्षांत लटारूनं एक अक्षर चुकवलं नाही. कंपन्यांनी त्याला फोडायचा प्रयत्न केला, तो हलला नाही. आणि मेलं हे काम त्याला आवडायलाही लागलं होतं, ही त्याची चोरटी लाज होती. एखाद्या चांगल्या रात्री नट, शब्द आणि लोक सगळे एका दोरीत यायचे आणि ती दोरी आपल्या हातात आहे हे त्याला कळायचं, तेव्हा अंगावर काटा यायचा. मग तो स्वतःला दटावायचा, लेका, तू इथं कशासाठी बसला आहेस ते विसरू नको.

आणि आता मुखरूचा सत्कार किन्हाळटोल्यात. त्याच मैदानात, त्याच शंकरपटाला. याहून चांगला मुहूर्त कुठला?

सत्कार पडदा उघडायच्या आधी झाला. शाल, श्रीफळ, सरपंचाचं भाषण. लटारू खड्ड्यात बसून सगळं ऐकत होता. त्याच्या बाजूला ऑर्गनवाला पेटीवरची धूळ झटकत होता. मुखरूनं माइक हातात घेतला.

"मायबापहो, हे माती माही माय हाये. इथीच मी शिकलो. अना माहा दोस्त लटारू, थो पाहा थ्या खड्ड्यात बसून हाये! थ्याले लाइटची भल्ली भेव वाटे, आठवते ना तुमाले? म्हनून मी थ्याले सावलीत बसवलं!"

शामियाना हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "बंद रेडिओ!" आणि पुन्हा हशा पिकला. लटारूनं बायकांच्या बाजूला पाहिलं. माधवी सरिताशेजारी बसली होती. तिला या नावामागची गोष्ट ठाऊक नव्हती. बाप एवढा प्रसिद्ध आहे म्हणून तीही हसत होती.

लटारूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी सरिताच्या बोलण्यानं जी थोडी कुरकुर मनात सुरू झाली होती तीही जळून गेली. बस लेका, तो मनात म्हणाला, आज तुले तुह्याच मातीत लोळवतो.

नाटक होतं 'परक्या उंबऱ्याची लेक'. मुखरू बाप. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून लेकीला घराबाहेर काढणारा जमीनदार. लेकीचं काम नागपूरची रंजीता करत होती. शेवटच्या अंकात लेक डॉक्टरीण होऊन दारात येते आणि विचारते, "आबा, मी तुमची कोण?" तिथं बापाचं लांबलचक स्वगत आहे. 'पोरी, या हातांनी तुला पाळण्यातून उचललं' इथून सुरू होतं आणि टाळी घेऊनच संपतं. नाटक या भाषणावर उभं आहे. लटारूनं तीच जागा राखून ठेवली होती.

पहिले अंक त्यानं नेहमीसारखे दिले, उलट नेहमीपेक्षा चांगले. मुखरू रंगात आला होता. आणि मग ती जागा आली.

"आबा, मी तुमची कोण?" रंजीता म्हणाली.

मुखरूनं वाक्यासाठी कान दिला. खालून काही आलं नाही.

त्यानं खाली पाहिलं. लटारू वरच पाहत होता. मागं घेतलेल्या खड्ड्यातून त्याला मुखरूचं सगळं तोंड दिसत होतं, आणि त्यानं ओठ घट्ट मिटले होते.

आधी मुखरूच्या कपाळावर आठी आली. मग ती गेली. मग त्याला कळलं. कळल्याचं लटारूला दिसलं, आणि त्याच्या छातीत असं काही सुख उसळलं की त्याला रडूच येईल असं वाटलं. मुखरूच्या तोंडचं पाणी पळालं. रंगाखालून घाम फुटला. हात वर उचलला तो तिथंच थरथरत राहिला. ओठ हलले, आवाज नाही. ऑर्गनवाल्यानं लटारूला कोपरानं ढोसलं. लटारू ढिम्म. पड आता, तो मनात म्हणत होता, कुठी हायेत ढेकळं? फेका ना!

ढेकळं आली नाहीत.

मुखरूचे पाय गेले. तो लेकीपुढं मटकन खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे गदगदायला लागले. रंजीता बिचारी घाबरून त्याच्या शेजारी बसली आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शामियान्यात कोणी खाकरलंसुद्धा नाही. मग बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला. मग आणखी. मग पुरुषांच्या बाजूनं टाळी सुरू झाली, आणि ती अशी वाढत गेली की कनाती हलल्या. म्हातारे उभे राहिले. लोक शिट्ट्या मारत होते आणि डोळे पुसत होते. एवढ्या वर्षांत त्या भाषणाला अशी टाळी कधी पडली नव्हती!

लटारू खड्ड्यात तसाच बसून राहिला. आपण अडकलो तेव्हा चप्पल आली, हा अडकला तर टाळी. हा कुठला न्याय? त्यानं सहज बायकांच्या बाजूला पाहिलं. माधवी उभी होती. ओढणीनं डोळे पुसत ती मुखरूसाठी टाळ्या वाजवत होती.

नाटक कसंबसं संपलं. लटारूनं पुढची वाक्यं दिली, मुखरूनं घेतली. पडदा पडल्यावर लटारू मागं रंगपटात गेला. मुखरू खुर्चीत बसून पाणी पीत होता, गिलास दातांवर वाजत होता. आत दुसरं कोणी नव्हतं.

"पान उडालं का बे?" मुखरूनं विचारलं.

"नाई. पान जागेवर होतं."

"मले मालूम हाये." मुखरूनं गिलास खाली ठेवला. "त्या साली बी जागेवरच होतं."

एवढी वर्षं ज्या वाक्यासाठी लटारू जळत होता ते असं आलं, घाम पुसता पुसता. तो पुढं काही बोलणार तेवढ्यात बापूजी धापा टाकत आत आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"मुखरू! अरे का काम केलं रे! भाषन गाळून टाकलं अना नुसता बसला! कोनाच्या डोक्यातून निंगालं हे?"

मुखरूनं एकदा लटारूकडं पाहिलं. आणि म्हणाला, "माह्याच. लटारूले मीच सांगून ठेवलं होतं, बापूजी, तिथी काई देजो नोको म्हनून."

"वा रे वा! आता रोज असंच कराचं. ऐकलं का लटारू? थ्या जागी चूप बसाचं."

पुन्हा! नालायकानं पुन्हा चोरलं, आणि तेही डोळ्यादेखत. लटारूच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार काय? मी त्याला पाडायला गप्प बसलो होतो, असं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात तो घरी आला. माधवी जागीच होती. "बाबा, मुखरूकाकानं का काम केलं ना! तुमी एवढ्या जवळून पायलं, नशीबवान आहा तुमी." सरितानं त्याच्यापुढं पाण्याचा गडू ठेवला.

पुढचं नाटक ब्रह्मपुरीकडच्या एका गावात होतं. साऱ्या पंचक्रोशीत बोभाटा झाला होता की मुकेशराज बोलत नाही, नुसता बसतो, आणि काळीज फाटतं. लोक बैलबंड्या, फटफट्या घेऊन आले. शामियाना अपुरा पडला.

"आबा, मी तुमची कोण?"

मुखरू तयारीतच होता. त्यानं हात उचलला, थरथरवला, पाय मुडपायला घेतले.

"पोरी, या हातांनी तुला पाळण्यातून उचललं," खालून लटारूनं स्वच्छ, ठणठणीत वाक्य दिलं.

इतक्या वर्षांची सवय कुठं जाते? कानात वाक्य पडलं की मुखरूच्या तोंडून बाहेर पडणारच. अर्धा बसलेला मुखरू तसाच वाकडा राहून म्हणाला, "पोरी, या हातांनी..." आणि मग थांबता येईना. लटारू एकामागून एक वाक्य देत गेला, मुखरू बोलत गेला. जुनंच भाषण, जुनीच टाळी, तीही अर्धवट. मागं कोणी म्हणालं, "हा त बोलते ना बे! फुकट आलो." थोडे लोक उठलेसुद्धा.

बापूजीनं लटारूला फैलावर घेतलं. "तुले सांगतलं होतं ना?"

"विसरलो," लटारू म्हणाला. "सवय हाये ना वाक्य देवाची."

"मुखरू, तू तरी बसून राहाचं होतं ना!"

मुखरू काय सांगणार? की ते बसणं माझं नव्हतंच? की खालून शब्द आला तर मला बोलावं लागतं आणि नाही आला तर माझी शुद्ध जाते? बापूजीसमोर त्यानंच तर छाती काढून सांगितलं होतं, माह्याच डोक्यातून निंगालं. आता तोंड उघडलं तर अभिनयसम्राटाचा मुखरू व्हायला वेळ लागणार नव्हता. लटारूला आणि त्याला, दोघांनाही हे एकाच वेळी कळलं. त्या रात्री परतीच्या गाडीत लटारूला गाढ झोप लागली.

तिसरं नाटक चिमूरच्या बाजूला. दिवस कलता होता, मंडळाची माणसं सतरंज्या अंथरत होती. लटारू खड्ड्यात उतरून फळी नीट बसवत होता. वर सावली पडली म्हणून त्यानं चष्मा सावरत पाहिलं. काठावर मुखरू उकिडवा बसला होता. तोंडाला अजून रंग नव्हता. रंगाशिवाय तो चांगलाच म्हातारा दिसत होता.

"लटारूभाऊ," तो म्हणाला.

लटाऱ्या, अबे, खड्ड्या, असं सगळं त्याच्या तोंडून आजवर ऐकून झालं होतं. भाऊ पहिल्यांदा आलं.

"आज थांबशीन ना थ्या जागी?"

"पाहू."

"पाहू नोको म्हनू ना. लोकं त्याच्यासाठीच येऊन राह्यले. बापूजी म्हने, आज जमलं नाई त पुढच्या साली दुसरा हिरो पाहातो. मी चुकलो होतो तवा. माफी मांगतो. पाय धरू का?"

लटारूनं त्याच्याकडं नीट पाहिलं. माफी खरी होती की नाही, कोण जाणे. भीती मात्र खरी होती. हेच तोंड त्याला बघायचं होतं. एकदा बघितलं की मन निवेल, काम संपेल, मग हाकललं तरी चालेल, असा त्याचा हिशेब होता. मन निवलं नव्हतं. उलट हे तोंड रोज बघायला मिळू शकतं, हे त्याला त्या क्षणी उमगलं, आणि सुडाचा असा गोडवा त्याच्या जिभेवर आला की त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली. थोडीच.

"पाहू म्हनलं ना," तो म्हणाला. "जा, रंग लाव."

शामियाना गच्च भरला. पडदा उघडला, अंक सरकत गेले, आणि लटारू एकेक वाक्य हातात दिल्यासारखं देत गेला. शेवटचा अंक आला. रंजीता दारात उभी राहिली.

"आबा, मी तुमची कोण?"

मुखरूनं खाली पाहिलं. शब्द येणार की नाही, त्याला ठाऊक नव्हतं. बसावं की उभं राहावं, ठाऊक नव्हतं. त्याचा हात हवेत थरथरायला लागला, आणि ही थरथर कोणी शिकवून येत नाही. डोळे खड्ड्यावर लागलेले, पार गयावया करत. लोकांना वाटत होतं, बाप लेकीपुढं मान खाली घालून उभा आहे. कोणीतरी बाई आताच रडायला लागली होती. शेवटच्या रांगेमागं झाडावर चढून बसलेल्या पोट्ट्यापर्यंत सगळ्यांचा श्वास अडकला होता, आणि तो सोडायचा कधी, हे खड्ड्यात बसलेल्या एका माणसाच्या ओठांवर होतं. हे काम दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

ऑर्गनवाल्यानं घाईघाईनं कानाशी येऊन विचारलं, "भाऊ, देता का नाई?"

लटारूनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकावर धरला आणि सावकाश पुसायला घेतला.